तीन फाट्यांची भेग

उदगीर स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला पंचाक्षरी अण्णांचं वर्कशॉप लागतं. पत्र्याची लांब शेड, पुढं बोअरच्या गाड्या उभ्या करायला मोकळं मैदान आणि कोपऱ्यात काळा पडदा लावलेली एक खोली. ती खोली माझी. आत पंखा नाही, कारण पंख्याच्या वाऱ्यानं द्रव उडतो. खिडकी नाही, कारण उजेड चालत नाही. एप्रिलमध्ये तिथं बसून दाखवणाऱ्याला मी स्वतःच्या पगारातून बक्षीस दिलं असतं.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं चौकाचौकांत ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’चे फलक लागले होते. नळाला पाण्याचा थेंब नाही, पण कलेक्टर मात्र पाहिजे! अण्णांनी तर कचेरीची जागासुद्धा मनात ठरवून टाकली होती. नवा जिल्हा झाला की सरकारी बोअरची सगळी कामं आपल्यालाच, हे ते रोज सकाळी विभूती लावता लावता सांगत. दुष्काळ कुणाला फळतो ते उदगिरात येऊन बघावं.

बोअरच्या गाडीचा जीव तिच्या हूकमध्ये असतो. दगडात उतरवायचे रॉड, लोखंडी पाइप, सगळं त्या हूकला टांगून वरखाली होतं आणि बरोबर खाली ऑपरेटर उभा असतो. मी यायच्या आधी देवणीकडच्या एका शेतात अण्णांच्या गाडीचा हूक तुटला आणि रॉड मलप्पाच्या डोक्यावर आला. मलप्पा अण्णांचा जुना ऑपरेटर. हूकला भेग आहे हे अण्णांना ठाऊक होतं, वर नुसता रंग मारून गाडी पाठवली, असं सगळं गाव म्हणतं. अण्णा म्हणतात, दैव. पुढं विमावाल्यांनी तपासणीची अट घातली आणि नांदेडहून डिप्लोमा करून आलेल्या मला नोकरी लागली. मलप्पाच्या जागी अण्णांनी ज्याला घेतलं तो मारोती, माझा नवरा. म्हणजे एकाच्या मरणावर आमच्या घरात दोन पगार येत होते. मी हे कधी विसरले नाही, पण त्यासाठी जेवणही सोडलं नाही.

मारोतीची एक सवय होती. रॉड उचलताना तो हूकखाली एकटा उभा राहायचा, हेल्परांना जवळ येऊ द्यायचा नाही. त्यामुळं त्याच्या गाडीचा हूक मी दर आठवड्याला तपासायची. बाकीच्या गाड्यांचे महिन्यातून एकदा. पक्षपात म्हणा, चालेल.

काम सोपं आहे. लोखंड तारेच्या गुंडाळीत ठेवून, वीज सोडून त्यात चुंबकत्व भरायचं. भेग असेल तिथं ते बाहेर गळतं. मग वरून द्रव ओतायचा. रॉकेलसारखं पातळ तेल आणि त्यात लोखंडाची इतकी बारीक भुकटी, की बोटांना ती लागतसुद्धा नाही. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत ती बनवायचे, कणाकणाला चमकणारा रंग चढवून. गळती असेल तिथं कण गोळा होतात, आणि जांभळा दिवा लावला की अंधारात पोपटी रेघ उभी राहते. नुसत्या डोळ्यांना वर्षभर न दिसणारी भेग अशी डोळे वटारून बघते. भेग निघालेला भाग मी घणानं तिथल्या तिथं फोडायची. नाहीतर अण्णा त्याला रंग मारून पुन्हा गाडीवर चढवतील, ही खात्री होती. चांगल्या भागावर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायची. माझा ठिपका नसेल तर मारोती गाडी सुरू करत नसे.

सकाळी काम सुरू करायच्या आधी द्रव नीट आहे का ते बघावं लागतं. त्यासाठी भेग असलेला एक तुकडा जवळ ठेवतात. कंपनीचा तुकडा महाग, म्हणून अण्णांनी मलप्पाच्या तुटलेल्या हूकचाच तुकडा कापून दिला होता.

“भेग हाय ना त्येच्यात? मग झालं की.”

त्या तुकड्यावरची भेग मला तळहाताच्या रेषेसारखी पाठ झाली होती. एक उभी रेघ, खाली तीन फाटे, मधला फाटा डावीकडं वाकलेला. कोंबडीचं पाऊल उमटावं तशी.

एका सकाळी दिवा लावला आणि तुकडा कोरा.

मी द्रव ढवळला, पुन्हा ओतला. कोरा. द्रव बिघडला असेल म्हणून भंगारातला एक फुटका बोल्ट घेतला, त्यावर भेग लख्ख दिसली. तुकडा बदलला असेल म्हणून उलटा करून पाहिला, तर कापताना आलेला करवतीचा ओरखडा जागेवर होता. लोखंडाला खपली धरत नाही. भेग वाढते, नाहीतर तुटते. बरी होत नाही. मी तुकडा फडक्यात गुंडाळला आणि कुणाला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर अण्णांनी माझ्या डिप्लोम्यावरच शंका घेतली असती.

त्याच आठवड्यात अण्णांची आई, पार्वतम्मा, माझ्या खोलीत आली. कपाळभर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि तोंडात सदा पान. अण्णांच्या घरी नुकताच मुलगा झाला होता. तिचा पहिला नातू. पदराखालून तिनं एक लोखंडी अडकित्ता काढला.

“कूसू दूध घेईना, सिंधु. लेकरू रडंना बी. छताकडं बघत पडतंय निस्तं. लातूरचे डाक्टर म्हणतेत, काय बी न्हाई.” ती अडकित्ता माझ्यापुढं धरून उभी. “ह्यो त्याच्या उशाखालचा हाय. तुझा दिवा दिसत न्हाई ते दावतो म्हण. बघ की.”

बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायची इकडं रीत आहे. मला हसू आलं. आमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली असलं काही चालत नाही. माझे वडील तर तिवाटावरचा उताऱ्याचा नारळ उचलून आणायचे आणि फोडून आम्हाला खोबरं द्यायचे. म्हटलं, म्हातारीचं समाधान होऊ दे. अडकित्ता गुंडाळीत ठेवला, द्रव ओतला, दिवा लावला.

पात्यावर कोंबडीचं पाऊल होतं. मधला फाटा डावीकडं वाकलेला.

माझा हात सवयीनं घणाकडं गेला. भेग दिसली की फोडायचं, दुसरं काही हाताला ठाऊकच नव्हतं.

“बेडा! बेडा!” पार्वतम्मा किंचाळली आणि माझ्या मनगटाला लोंबकळली. नको, नको. इतकं बळ त्या हातांत असेल असं वाटलं नव्हतं. “मलप्पाचा हूक तुटला तवा काय झालं? ह्ये तुटलं तर?”

मला तिला हसता आलं नाही. घण मी खाली ठेवला.

“पुसून टाक,” ती म्हणाली.

“पुसून जात नाही, अम्मा. ती वरची नसते.”

“मग दुसऱ्या लोखंडावर घाल.”

मी तिला समजावायला हवं होतं. पण मला स्वतःलाच बघायचं होतं. भंगारातली एक चांगली पट्टी घेतली, अडकित्त्याला चिकटवून दोन्ही गुंडाळीत ठेवली आणि दिवा न विझवता द्रव ओतला. पात्यावरची रेघ हलली. तिन्ही फाटे आखडले, रेघ पात्याच्या कडेपर्यंत आली, पट्टीवर उतरली आणि तिथं फाटे पुन्हा पसरले. गोम सरकावी तसं. पार्वतम्मानं माझा खांदा धरला होता, तिचं पान खाणं थांबलं होतं. मग पट्टीवरची रेघ तशीच मागं फिरली आणि पात्यावर जाऊन बसली.

मी चारदा करून पाहिलं. दर वेळी गेली, दर वेळी परत आली.

“नाव न्हाई घेतलं आपण,” पार्वतम्मा शांतपणे म्हणाली. “उतारा असाच हाय, यव्वा. कुणाचं तरी नाव घेतल्याबिगर उतरत न्हाई. ज्याचं लोखंड, त्याचं नाव.”

“कुणाचं नाव घेणार तुम्ही?”

तिनं अडकित्ता पुसला, पदरात ठेवला आणि माझ्याकडं बघून हसली. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते आणि ते आता दिसायला लागलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी मारोतीला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “उन्हानं भुकटी हालली आसंल. तुझ्या खोलीत अंडं ठिवलं तर उकडंल.” मलाही ते पटवून घ्यायचंच होतं.

पुढं द्रव संपला म्हणून मी नांदेडला गेले, मुक्काम करून परतले. वर्कशॉपमध्ये अण्णा पेढे वाटत होते. नातू… म्हणजे त्यांचा मुलगा दूध प्यायला लागला होता, रडून घर डोक्यावर घेत होता. माझ्या खोलीत गुंडाळी ओली होती. द्रवाच्या डब्यात तळाला राहिलेला घोट मी ठेवून गेले होते, तो नव्हता.

“कोण आलं होतं इथं?”

“अम्मा आलती,” अण्णा म्हणाले. “सुपारी फोडत बसली व्हती थंडाव्याला.”

माझ्या खोलीत थंडाव्याला! मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. मग पडदा ओढला आणि मारोतीच्या गाडीचा हूक खाली उतरवून घेतला. द्रव ओतला, दिवा लावला. हूक स्वच्छ. पुन्हा केलं, स्वच्छ. मी त्याची साखळी तपासली, पाने तपासले, त्याच्या डब्याचा चमचासुद्धा तपासला. कुठंही काही नाही. मग मी तिथंच खाली बसून रडले आणि नंतर तो पेढा खाल्ला. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली असेल, असं वाटलं. माझ्या घरी नाही ना, मग झालं.

सातव्या महिन्यात पार्वतम्मानं मला घरी बोलावून माझी ओटी भरली. आमच्यासारख्यांची ओटी त्या घरात भरली जाते म्हणून माझ्या सासूबाई, सरजाबाई, गल्लीभर सांगत फिरल्या. खण, नारळ, गहू आणि लाल फडक्यात गुंडाळलेला नवा अडकित्ता. घिसाड्याकडून मुद्दाम करून घेतलेला.

“तुझ्या लेकराच्या उशाला ठिव,” पार्वतम्मा माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली. “लेकराचाच हाय त्यो.”

सांगते ते खरं सांगते, मला तिची माया वाटली. घरी आल्यावर अडकित्ता मी कपाटात टाकून दिला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि भेग तर जुन्या अडकित्त्याला होती. ह्या नव्याला कशाला तपासायचं?

बाळ पावसाळ्यात झालं. पावसाळा म्हणजे कॅलेंडरचा, आभाळाचा नाही. मुलगा. बारशापर्यंत सगळं ठीक होतं. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी मला न विचारता कपाटातून अडकित्ता काढला आणि बाळाच्या उशाखाली ठेवला. मला कळलं ते दोन दिवसांनी, उशी बदलताना.

तोवर बाळानं दूध सोडलं होतं.

रडत नव्हतं. छताकडं बघत पडायचं. मी डोळ्यांपुढून बोट फिरवलं तरी नजर हलायची नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. काहीच नाही, म्हणाले. वाटी-चमच्यानं घातलेलं दूध ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं.

अडकित्ता फडक्यात घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले. बाळंतीण बाई भर दुपारी कशाला आली, म्हणून अण्णांनी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

दिवा लावायच्या आधीच मला माहीत होतं.

कोंबडीचं पाऊल.

मी तो फेकू शकत नव्हते. विहिरीत टाकावा, तर तळाला पाणी नाही, दगड आहेत. आपटेल. तुटेल. ज्या हातांनी इतकं लोखंड फोडलं होतं, त्या हातांनी मी तो अडकित्ता साबणानं धुतला, कापसात गुंडाळला आणि छातीशी धरून अण्णांच्या घरी गेले.

पार्वतम्मा ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नातू गुबगुबीत. तिनं मला पितळेच्या तांब्यातून काठोकाठ पाणी दिलं. त्या दिवसांत तेवढं पाणी कुणी पाहुण्याला देत नसे.

“हे परत घ्या,” मी म्हणाले.

“कशावर घिऊ?”

मी इकडंतिकडं पाहिलं. पाळणा सागवानी, कड्या पितळेच्या. दाराची लोखंडी कडी काढून तिथं दोरी बांधली होती. खिडक्यांचे गज गेले होते, भोकं तशीच होती. चुलीपुढं सांडशी नव्हती. त्या घरात खिळासुद्धा उरला नव्हता.

“तुम्ही माझ्या लेकराचं नाव घेतलं. त्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं!”

“सिंधुचं लेकरू म्हणलं. चाललं.” तिच्या आवाजात ना राग होता ना लाज. “मलप्पा आमच्या दारात आलता, यव्वा. त्याला कुठंतरी जायाच लागतं. माझ्या नातवावर जाऊ दिऊ का? तूच सांग.”

“माझ्या लेकरानं काय केलंय त्याचं?”

“काय बी न्हाई.” तिनं नातवाच्या ओठांवरची लाळ पुसली. “तुला येतंय की सगळं. घे एखादं नाव. गाव पडलंय हितं.”

मी तिचा तांब्या तिच्या ओसरीवर पालथा केला आणि निघाले. मागून ती म्हणाली, “पाणी सांडू नी गं. पाप लागतंय.”

रस्ताभर मला नावंच सुचत होती. शेजारच्या पंचफुलाचं, तिला चार पोरं आहेत. हापशावर भांडणाऱ्या बाईचं. खुद्द अण्णांचं, पण वर्कशॉपातलं लोखंड ज्याच्या डोक्यावर लोंबतं त्याचं, आणि अण्णांच्या घरात तर खिळासुद्धा नाही. प्रत्येक नावाला एक चेहरा होता. तरी मी नावं घेणं थांबवत नव्हते.

परत वर्कशॉपमध्ये आले तर मारोतीच्या गाडीचा हूक तपासायला येऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याला तोंडारकडं बोअर होतं. अडकित्ता मी खोलीबाहेर ठेवला, लांब, आणि मगच हूक तपासला. स्वच्छ. हिरवा ठिपका दिला. मग अडकित्ता घरी नेला आणि कुठं आपटू नये म्हणून कापसासकट बाळाच्या उशाखालीच ठेवला.

संध्याकाळी मारोतीला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. काळ्या ग्रीसच्या बोटानं त्यानं त्याची हनुवटी हलवून पाहिली.

“आन् तेवढ्यानं अण्णाचं पोरगं बरं झालं?”

“हो.”

“लगीच?”

“लगेच.”

त्यानं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग एखाद्या पान्याचा नंबर विचारावा तसं त्यानं विचारलं, “नाव तोंडानं घ्यावं लागतं का मनात चालतं?”

“मला काय ठाऊक!” मी ओरडले. “आणि कुणाचं नाव घेणार आहात तुम्ही? आपण घ्यायचं कुणाचं नाव?”

“न्हाई गं. असंच इच्यारलं.”

मी रडत रडत झोपले.

सकाळी बाळाच्या रडण्यानं जाग आली. कान फाटतील असं रडत होतं, मुठी वळून, लालबुंद होऊन. मी त्याला छातीशी घेतलं. त्यानं इतक्या जोरानं ओढलं की दुखलं.

मला आनंद झाला. हे लपवणार नाही. सगळ्यात आधी आनंदच झाला. मी सासूबाईंना हाका मारल्या, हसले, बाळाच्या डोक्यावर ओठ टेकले.

मग उशाखाली हात घातला.

कापूस ओला होता. त्याला रॉकेलचा वास येत होता. काल मी साबणानं धुतलेल्या पात्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

“मारोती कुठं आहेत?”

“पहाटंच गाडी घिऊन गेला की,” सरजाबाई म्हणाल्या. “जाताना लेकराचा मुका घेतला त्यानं. लई येळ.”

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा हेल्परनं उचलला. मागं कंप्रेसर धडधडत होता, त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

“मारोतींना द्या! रॉड उचलू नका म्हणावं! हूक काढा तो!”

“हूक? हूकला काय झालं, ताई? तुमचा ठिपका हाय की त्याच्यावर!”

“त्यांना द्या फोन!”

“भाऊ खाली हूबा हाय, रॉड वर गेलाय. जवळ जाता येईना.” तो हसत होता. “आज लईच लांब हूबं केलंय त्यानं आमाला. पार बांधाच्या पल्याड.”

बाळ दूध पीत होतं. ते थांबलं नाही.